टॅरोची पाने, प्रतीके आणि विवेक

"टॅरो पाहिले तर साधनेत बाधा येते का?" हा प्रश्न सत्संगानंतरच्या गप्पांमध्ये हल्ली वरचेवर ऐकू येतो. विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे असतात. कोणाच्या नोकरीचे ठरत नाही, कोणाच्या घरी लग्नाला विरोध आहे, कोणी सीएच्या परीक्षेत तिसऱ्यांदा अडकले आहे. मोबाइलवर कोणीतरी तीन पाने मांडून दाखवते आणि म्हणते, हा संदेश तुमच्यासाठीच आहे. तोच संदेश त्या क्षणी असंख्य लोक पाहत आहेत हे पाहणाऱ्याला मनातून ठाऊक असते. तरी तो थांबतो, ऐकतो, आणि थोडा वेळ त्याला बरे वाटते.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एक म्हणते, हे परक्यांचे खूळ आहे, हात लावू नका. दुसरे म्हणते, ही पाच हजार वर्षांची गुप्तविद्या आहे, श्रद्धा ठेवा. साधक बंधू-भगिनींनो, मला वाटते ही दोन्ही उत्तरे पाने न पाहताच दिलेली आहेत. म्हणून आधी पाने पाहूया. त्यांवर काय चितारले आहे, कोणी आणि कशासाठी, हे समजले की प्रश्नाचे स्वरूपच थोडे बदलते.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पाने असतात. त्यांतली ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांची भावंडे आहेत. पेले, नाणी, तलवारी आणि दंड असे चार रंग, प्रत्येकात एक्क्यापासून दहापर्यंत पाने आणि वर राजा, राणी, घोडेस्वार व सेवक. हे रंग मूळचे युरोपचे नव्हेत. चौदाव्या शतकात पत्ते इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या राज्यातून तिकडे पोहोचले. मामलुक पत्त्यांवर दंडाच्या जागी पोलो खेळण्याची काठी होती. युरोपात त्या वेळी पोलो कोणाला माहीत नव्हता, म्हणून ती नुसती काठी उरली. आजच्या टॅरोच्या पुस्तकांत हीच काठी अग्नितत्त्वाची आणि सर्जनशक्तीची कांडी म्हणून भेटते. पोलोच्या काठीने एवढी मजल मारलेली पाहून मला तरी गंमत वाटते.

उरलेली २२ पाने हे टॅरोचे वैशिष्ट्य. ही उत्तर इटलीत १४४० च्या सुमारास तयार झाली. सर्वांत जुने उल्लेख कोणत्या मंत्रग्रंथात सापडत नाहीत. एक आहे फ्लॉरेन्सच्या एका नोटरीच्या रोजनिशीत, १४४० सालचा, आणि दुसरा फेरारा येथील दरबाराच्या १४४२ सालच्या हिशेबवहीत. वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे असेल, पण मला हा पुरावा फार विश्वासाचा वाटतो. हिशेब लिहिणारा माणूस गूढ निर्माण करायला बसत नाही. त्याने लिहिले आहे ते पत्ते विकत घेतल्याचे आणि रंगवून घेतल्याचे.

त्या काळी या पानांना 'त्रिओंफी' म्हणत, म्हणजे विजय. इटलीत विजययात्रांची मोठी हौस होती. सजवलेल्या रथांवर प्रेम, कीर्ती, मृत्यू अशा कल्पनांच्या मूर्ती बसवून मिरवणुका निघत. कवी पेत्रार्कचे याच नावाचे काव्य आहे. त्यात प्रेमाला शुचिता जिंकते, शुचितेला मृत्यू, मृत्यूला कीर्ती, कीर्तीला काळ आणि काळाला शाश्वतता. पत्त्यांच्या खेळातही हाच नियम आला, वरचे पान खालच्याला मारते. इंग्रजीतला 'ट्रम्प' हा शब्द इथूनच आला आणि आपण त्याला हुकूम म्हणतो. थोडे डोळ्यांसमोर आणून पाहा. मिलानच्या राजवाड्यात सरदार खेळायला बसले आहेत. एकाने सम्राटाचे पान टाकले. दुसऱ्याने प्रेमाचे टाकून ते जिंकले. तिसऱ्याने मृत्यूचे पान टाकले आणि दोन्ही उचलली. मग कोणीतरी शेवटच्या न्यायनिवाड्याचे पान काढले, ज्यावर देवदूत कर्णे फुंकत आहेत आणि माणसे कबरींतून उठत आहेत, आणि मृत्यूही हरला. उपदेश खेळाच्या नियमातच बसवला होता.

मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्त्सा आणि त्याची पत्नी ब्यांका मारिया व्हिस्कोंती यांच्यासाठी १४५० च्या सुमारास सोन्याच्या वर्खावर चितारलेला एक कॅट बराचसा टिकून आहे. त्यातली ७४ पाने आज न्यूयॉर्क आणि बेर्गामो येथे विभागलेली आहेत. सैतान आणि कोसळता बुरूज ही दोन पाने हरवलेल्यांत आहेत. यात गूढ शोधणारे लोक आहेत. पण साडेपाचशे वर्षांत पत्त्यांच्या कॅटमधली चार पाने हरवली, यासाठी वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज मला वाटत नाही. आपल्या घरातल्या कॅटची चार वर्षांत काय अवस्था होते ते आठवा.

आता नशिबाच्या चाकाचे पान घ्या. चाकावर चार माणसे. एक वर चढतो आहे, एक माथ्यावर बसला आहे, एक घसरतो आहे आणि एक तळाशी ओझ्याने वाकला आहे. माथ्यावरच्याला गाढवाचे कान काढले आहेत, हे विशेष. मध्ययुगात हे चित्र चर्चच्या भिंतींवर आणि हस्तलिखितांत सर्वत्र होते. त्यामागे बोएथियसचा विचार आहे. हा रोमन विद्वान मोठ्या पदावर होता. राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला पावियात कैदेत टाकले आणि ५२४ च्या सुमारास ठार केले. मृत्यूची वाट पाहत तुरुंगात त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यात तत्त्वज्ञान स्त्रीरूपाने त्याच्या कोठडीत येऊन त्याला समजावते. त्याचा आशय असा की, चाकावर चढताना ज्याने तक्रार केली नाही त्याने उतरताना चाकाला दोष देऊ नये, आणि जे चाकावर आहे ते मुळात तुझे नव्हतेच. सुखदुःखात सम राहण्याचा गीतेतला उपदेश ज्याने एकदा तरी मनापासून वाचला आहे, त्याला ही ओळख लगेच पटेल. अर्थात दोन्ही एकच आहेत असे मी म्हणणार नाही. बोएथियसच्या मागे ग्रीक तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा आहे, आपल्या मागे कर्मसिद्धान्त आहे. पण दोघेही माणसाला चाकाच्या कडेवरून मध्याकडे सरकायला सांगतात.

गंमत अशी की आजचा टॅरो वाचणारा हेच पान निघाले की बहुधा सांगतो, तुमचे दिवस पालटणार आहेत, चांगली संधी येते आहे. चाकाला लटकू नकोस असे सांगणारे चित्र चाकाला आणखी घट्ट धरायला शिकवू लागले.

मला वाटते सगळा प्रश्न इथे आहे, आणि त्यासाठी मराठीत दोन चांगले शब्द आहेत, प्रतीक आणि शकुन. प्रतीक मला काहीतरी व्हायला सांगते. शकुन मला काय होणार ते सांगतो. संयमाच्या पानावर एक स्त्री एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतते आहे. म्हणजे मद्यात पाणी मिसळून त्याचा कैफ कमी करणे, असा त्या चित्राचा जुना अर्थ. प्रतीक म्हणून पाहिले तर ते मला विचारते, तुझ्या रागात तू किती पाणी मिसळलेस? शकुन म्हणून पाहिले तर ते म्हणते, काळजी करू नका, दोन महिन्यांत सगळे स्थिर होईल. चित्र एकच. पहिल्या वेळी काम माझ्यावर आले, दुसऱ्या वेळी माझ्यावरून गेले.

हा बदल केव्हा झाला हेही सांगता येते. सुमारे तीनशे वर्षे टॅरो हा मुख्यतः खेळच होता, आणि फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटलीत तो खेळ म्हणून आजही खेळला जातो. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबेलाँ या फ्रेंच पाद्री-विद्वानाने आपल्या मोठ्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात जाहीर केले की ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. इजिप्तची चित्रलिपी त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती. ती शांपोल्यों याने उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी. लिपी उलगडल्यावर या दाव्याला आधार देणारे काहीही मिळाले नाही. पण तोवर एतेया या टोपणनावाच्या पॅरिसच्या भविष्यवेत्त्याने १७८५ मध्ये टॅरोवरून भविष्य सांगण्याचे पुस्तक काढले होते. १८५० च्या दशकात एलिफास लेवी याने २२ पाने हिब्रूच्या २२ अक्षरांशी जोडली. खेळाच्या इतिहासाचा सर्व पुरावा गोळा करून मांडला तो ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी, १९८० मध्ये.

यात इजिप्तच्या कथेवर हसण्यासारखे आहे तेवढेच आपल्याला टोचण्यासारखेही आहे. एखादी गोष्ट पाच हजार वर्षे जुनी आहे असे म्हटले की तिला हात जोडायचे, ही सवय आपल्याला कमी नाही. अमुक मंत्र नासाने मान्य केला, असे संदेश आपल्याच गटांत फिरतात आणि आपणच ते पुढे पाठवतो. सत्य हे यम आहे, पहिल्या पायरीवरचे. इटलीतल्या त्या चित्रांत जे शहाणपण होते त्याला इजिप्तच्या खोट्या जन्मदाखल्याची गरज नव्हती. उलट दाखला खोटा निघाल्यावर लोक शहाणपणही टाकून देतात.

भाषांतराची सेवा करणाऱ्याला आणखी एक पान खूप शिकवते. इंग्रजीत त्याचे नाव 'हँग्ड मॅन'. मराठीत चटकन 'फाशी गेलेला माणूस' लिहावेसे वाटते. पण चित्रात गळ्याला फास नाही. माणूस एका पायाने उलटा टांगलेला आहे. जुन्या इटलीत या पानाला गद्दार म्हणत. विश्वासघात करणाऱ्यांची अशी उलटी टांगलेली चित्रे सार्वजनिक भिंतींवर रंगवून त्यांची बदनामी करण्याची तिथे रीत होती. फ्रांचेस्को स्फोर्त्साच्या वडिलांचेच असे चित्र पोपपदाच्या एका दावेदाराने रोममध्ये लावले होते. ज्या घराने हा अपमान सोसला त्याच घराच्या सोनेरी कॅटमध्ये हे पान आहे. पुढे गूढवाद्यांनी त्यालाच आत्मसमर्पणाचे चित्र म्हटले. १९०९ मध्ये लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांच्या सूचनांवरून पामेला कोलमन स्मिथ यांनी जो कॅट चितारला, आणि जो आज सर्वाधिक पाहायला मिळतो, त्यात या माणसाच्या डोक्याभोवती तेजोवलय आहे. आपल्याकडचा कोणी पाहील तर त्याला झाडाला पाय बांधून अधोमुख तप करणारा तपस्वीच दिसेल.

गद्दार, संत, तपस्वी. मग खरा अर्थ कोणता? चित्राचा अर्थ चित्रात चिकटलेला नसतो, हे तर दिसलेच. पण म्हणून वाटेल तो अर्थ चालतो असेही नाही. मूर्तीला अर्थ असतो कारण तिच्यामागे पूजा असते, व्रत असते, पिढ्यांचे आचरण असते, चुकलो तर सांगणारे कोणी असते. हे मागचे सगळे काढून घेतले की चित्र सुटे होते, आणि सुटे चित्र फार आज्ञाधारक असते. आपल्याला जे ऐकायचे आहे तेच ते बोलते.

यावर तुम्ही म्हणाल, "आम्ही भविष्य विचारतच नाही. पाने आरशासारखी वापरतो. समोर चित्र आले की मनातले बाहेर येते." हे म्हणणे मी हलके घेत नाही. असे होऊ शकते. पण एक साधी कसोटी लावून पाहा. नको असलेले पान निघाले तर तुम्ही पुन्हा पिसता का? पुन्हा पिसत असाल तर तो आरसा नव्हे. आरशात चेहरा आवडला नाही म्हणून कोणी आरसा पिसत नाही.

आणि काही प्रश्न तर आरशाला विचारायचेच नसतात. समजा, तुमच्या मैत्रिणीने विचारले, "तो मला फसवतो आहे का?" आणि तीन पाने मांडून कोणी सांगितले, "हो, तिसरी व्यक्ती दिसते आहे." या क्षणी एक माणूस दोषी ठरला. तो तिथे नव्हता, त्याला काही विचारले गेले नाही, पुरावा पाहिला गेला नाही. मैत्रीण घरी जाऊन त्याच्याकडे त्या नजरेने पाहू लागेल, आणि शोधले की काहीतरी सापडतेच. स्वतःच्या परीक्षेविषयी पान उचलणे हा फार तर वेळेचा अपव्यय. दुसऱ्याच्या चारित्र्याविषयी पान उचलणे हे मात्र मला हिंसेच्या जवळचे वाटते. सासू, भागीदार, घरातली कामवाली, ज्या कोणाविषयी पानांना विचारले जाते त्यांना उत्तर देण्याची संधीच नसते. वाचणाऱ्याच्या फीपेक्षा ही किंमत मोठी आहे आणि ती भलताच कोणीतरी भरतो.

मग आपल्या देवळांतला कौल? कोकणात आणि गोव्यात देवाच्या मूर्तीला फुले किंवा पाकळ्या लावून, उजवी पडते की डावी हे पाहण्याची प्रथा आहे. उत्तरेत रामशलाका प्रश्नावली आहे. टॅरोला हसून कौलाला हात जोडणे मला प्रामाणिक वाटत नाही. फरक आहे, तोही सांगितला पाहिजे. कौल बहुधा सर्वांसमोर लावला जातो, देवासमोर उभे राहून विचारण्याची लाज प्रश्नावर असते, आणि उत्तर हो किंवा नाही एवढेच असते, त्यात कोणी कथा रचत नाही. पण कौल लावून भावाचा हिस्सा नाकारला तर तो अन्यायच आहे. पाकळी उजवी पडल्याने तो न्याय होत नाही. कसोटी दोन्हीकडे एकच.

ती कसोटी म्हणजे विवेक, आणि इथे टॅरोच्या इतिहासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट येते. युरोपात प्लेटोपासून चार मुख्य सद्गुण मानले जातात. न्याय, धैर्य, संयम आणि चौथा विवेक, म्हणजे काय करावे आणि काय टाळावे हे ओळखणारी बुद्धी. टॅरोच्या २२ पानांत न्याय आहे, धैर्य आहे, संयम आहे. विवेकाचे पान नाही. फ्लॉरेन्सच्या 'मिंक्याते' नावाच्या ९७ पानांच्या खेळात ते आहे, पण ज्या कॅटवरून आज भविष्य पाहतात त्यात नाही. अभ्यासकांनी ते दुसऱ्या पानांत शोधण्याचे अनेक प्रयत्न केले आहेत. मी त्या वादात पडत नाही. मला एवढेच दिसते की ७८ पाने कितीही पिसली तरी हे एक पान हाताला लागणार नाही.

या सद्गुणाचे इंग्रजी नाव 'प्रुडन्स'. लेखाशास्त्राच्या पहिल्याच वर्षी हा शब्द आम्हाला भेटतो. संभाव्य तोट्याची तरतूद करा, पण न झालेला नफा वहीत लिहू नका, असे ते तत्त्व आहे. भविष्याचा विचार करण्याची ही रीत मला टॅरोपेक्षा जास्त आध्यात्मिक वाटते, हसू नका. तिच्यात भविष्य माहीत असल्याचा आव नाही आणि बेफिकिरीही नाही. समर्थांनी दासबोधात विवेकावर एवढा भर दिला तो संसारी माणसांसाठीच दिला.

पामेला कोलमन स्मिथ यांच्याविषयी दोन ओळी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. काही महिन्यांत एवढी चित्रे काढून त्यांना त्याचे पैसे अगदी थोडे मिळाले, असे त्यांनी स्वतः एका पत्रात लिहिले आहे. १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या बूड या गावी त्या कर्जात वारल्या. कॅटवर अनेक वर्षे नाव छापले गेले ते प्रकाशकाचे आणि वेट यांचे. त्यांची चित्रे पाहून जगभर लोक आपल्या धनलाभाविषयी विचारतात.

लोक पानांकडे का जातात, याचे एक उत्तर मला आपल्या सर्वांना विचारावेसे वाटते. टॅरो वाचणारी व्यक्ती समोर बसते, पाने मांडते आणि अर्धा तास फक्त त्या एका माणसाविषयी बोलते. सीएच्या परीक्षेत अडकलेल्या मुलाचे अर्धा तास कोणी ऐकले होते? घरी सल्ला मिळतो, आपल्याकडे आला तर श्वासावर लक्ष ठेव असे सांगितले जाते. दोन्ही योग्यच आहेत, पण दोन्हीमध्ये आपण त्याच्या आधी बोललेले असतो. तुमच्या केंद्रावर असे कोणी पानांविषयी विचारायला आले तर पानांवर बोलण्यापूर्वी त्याने काय विचारले होते ते विचारा. प्रश्न कळला की बहुधा पुढचे पाऊल दिसते. कोणाला तरी फोन करायचा राहिलेला असतो, कोणाची तरी माफी मागायची असते, एखादा अर्ज भरायचा असतो.

शेवटी एक शंका उरते. देवाधर्माची चित्रे पत्त्यांवर असणे हेच मुळात गैर नाही का? पंधराव्या शतकातल्या इटलीतही ही शंका होती. त्या काळच्या एका प्रवचनात पोप, देवदूत आणि सद्गुण यांना जुगाराच्या खेळात ओढल्याबद्दल संताप आहे. भविष्य पाहण्याविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही. सिएनाचे संत बेर्नार्दिनो यांनी १४२३ मध्ये बोलोन्यात जुगाराविरुद्ध प्रवचने दिली तेव्हा लोकांनी पत्ते आणून जाळले. सांगतात की एक पत्ते रंगवणारा त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, माझे पोट यावरच आहे. संतांनी त्याला किरणांच्या वर्तुळात येशूचे नाव काढून दिले आणि म्हणाले, हे रंगव.

आपल्याकडे उत्तर वेगळे निघाले. बाबराने १५२७ मध्ये सिंधमध्ये गंजिफांचा कॅट भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. तोच खेळ पुढे दशावतारी झाला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १० रंग आणि १२० पाने असतात, प्रत्येक अवताराची १२. गोल, लाखेचा लेप दिलेली, हाताने रंगवलेली. ही कला लोप पावत असताना १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चितारी बसवून ती पुन्हा उभी केली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे अवतार खेळणाऱ्याच्या हातात येतात, आणि खेळता खेळता मुलांना दहा अवतार पाठ होतात. दिवसा खेळ मांडला तर सुरुवात रामाच्या रंगाने होते आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या.